काचेच्या कपाटातला पाणबुड्या

मित्रांनो, तेजलची समुद्र-संशोधनाची जागा गेली. हे वाक्य तुम्ही वाचलेलं नाही. असं काही घडलेलंच नाही. आपण पहिल्यापासून सुरू करू.

मी एक जुना पाणबुड्या आहे. पाण्याखाली जाऊन फोटो काढणारं, खारटपणा मोजणारं यंत्र. जुना म्हणजे दोन वर्षांचा. पण कपाटात कुणीही लवकर म्हातारं होतं. माझा जन्म नाशिकच्या इंदिरानगरात, तेजलच्या गॅलरीत झाला. अंग प्लंबरच्या पाइपचं. झाकणं तिच्या वडिलांनी, नवनाथभाऊंनी, अंबडच्या कारखान्यात ड्युटी संपल्यावर लेथवर काढून दिली. तिच्या आत्या सिंधुबाई दर रविवारी यायच्या.

"नाशकात समुद्र कुठंय गं? मासळीच विकायची तर इंजिनिअरिंग कशाला?"

"आत्या, मासळी कुठे जाते ते शोधायचंय."

"बाजारात जाते. मला विचारायचं की."

कळवणच्या एका विहिरीत मी पहिली बुडी मारली. वर आलो तेव्हा आत थेंबभर पाणी शिरलेलं नव्हतं. तेजल काठावर नाचली. माझा पाण्याचा अनुभव इथे संपतो.

मग तेजलने मला शेवटच्या वर्षाचा प्रकल्प म्हणून कॉलेजात जमा केलं आणि कॉलेजने माझं कौतुक केलं. कौतुकापासून सावध राहा, मित्रांनो. विभागप्रमुख किशोर सरांनी मला हार घातला, नारळ फोडला आणि कॅमेऱ्याच्या काचेवर कुंकवाचं बोट ओढलं. तेव्हापासून मला सगळं लाल दिसतं. नंतर प्रवेशद्वाराजवळच्या काचेच्या कपाटात ठेवून कुलूप लावलं.

पुढे समुद्रावर काम करणाऱ्या एका संस्थेने तेजलला कळवलं: जागा तुमची, फक्त उघड्या पाण्यात बुडी मारल्याचा व्हिडिओ महिनाअखेर पाठवा. गंगापूर धरणावर न्यायला ती मला मागायला आली.

"पाण्यात?" सर म्हणाले. "अगं, खराब होईल ना तो."

"सर, तो पाण्यासाठीच बनवलाय."

"ते मान्य. पण ओला झाला तर जबाबदार कोण? तपासणीची कमिटी येतेय."

"संध्याकाळी परत आणते."

"व्हिडिओ इथेच काढ की. मागे निळा पडदा लावून देतो."

कमिटी आली, चहा प्यायली, मला बघून 'वा' म्हणाली. महिना संपला. जागा दुसऱ्याला गेली. सिंधुबाई कपाटासमोर येऊन उभ्या राहिल्या आणि सरांना म्हणाल्या, "बोंबील पण असेच वाळवतात, सर. पण ते निदान खातात तरी."

तेजल आता अंबडला मोटारी तपासते आणि सुटल्यावर गॅलरीत नवे पाइप कापते. पुन्हा अर्ज करायला वर्ष थांबायचं आहे.

मित्रांनो, माझ्यासारखे जुने शेवटी सांगतात, आमची काळजी घ्या. मी सांगतो, घेऊ नका. भिजवा, बुडवा, फुटलो तर फुटू द्या. मला जपलं म्हणून तेजल मागे राहिली, आणि याबद्दल सरांना आदर्श देखभालीचं प्रशस्तिपत्र मिळालं.

सबब विनंती करण्यात येते की, कु. तेजल नवनाथ हिचे एक वर्ष कार्यालयाच्या ताब्यात न वापरता पडून असल्याने, ते मूळ स्थितीत अर्जदारास तात्काळ परत करण्यात यावे.