एकच ओळ दोनदा

पालघरच्या कचेरीत मी मराठी टाइपरायटरवर आयुष्य काढलं. आता पेन धरलं की हात थरथरतो, पण त्या यंत्रावर कुठलं अक्षर कुठे होतं ते बोटांना अजून पाठ आहे. म्हणून माझ्या भाच्याने, ललितने, लॅपटॉपच्या कळा तशाच लावून दिल्या होत्या. ती सगळी सेटिंग त्याने ‘आत्या’ नावाच्या एका फोल्डरमध्ये ठेवली आणि लॅपटॉप जिथे शोधतो तिथे नुसते दुवे ठेवले.

“दुवा म्हणजे बंद दारावरची चिठ्ठी, आत्या. ‘आम्ही पलीकडच्या घरी आहोत.’ लॅपटॉप बदलला तर ते एक घर उचलायचं, बस.”

आज सकाळी इथल्याच, पालघरजवळच्या माहीमहून मंगला आली. लग्नात धवले, म्हणजे विधींची जुनी गाणी, म्हणणारी आमच्या माहितीतली ती शेवटची. दुपारच्या गाडीने ती लेकीकडे सुरतेला जाणार, कायमची. मोबाइलवर गाणं रेकॉर्ड करू द्यायला ती तयार नाही.

“मांडव नाय, नवरी नाय, आनि मी गाऊ? नाय बाय. बोलून सांगते. तू लिव.”

मी बसले, ‘क’ दाबला, भलतंच उमटलं. अक्षरं मुंगीएवढी. लॅपटॉप मला ओळखेना.

“शैलेश!”

माझा मुलगा बोईसरला कंपनीत साहेब आहे. आज सुट्टी. तो हसत बाहेर आला. “अगं, काल साफसफाई केली. त्याच फाइली दोन-दोन ठिकाणी होत्या. ते ‘आत्या’ फोल्डर उडवलं. कचरापेटीही रिकामी केली.”

ललितला फोन लावला. “आत्या, खरं ते फोल्डरच होतं. आता चिठ्ठ्या आहेत, घर नाही. रविवारी येऊन पुन्हा लावून देतो.”

रविवारी! रविवारी मंगला सुरतेत असेल.

“मला विचारलंस का?” मी शैलेशला म्हटलं. “तुझे वडील गेले तेव्हा माझा टाइपरायटरही तू असाच भंगारात दिलास. तेव्हाही घर आवरत होतास.”

“आई, एका फोल्डरसाठी एवढं...”

“पेन घे. बस इथे.”

“मला मित्राकडे दांडी गावाला जायचंय.”

“जाशील. हिची गाडी सुटल्यावर.”

मंगला पदराआड हसली. “बस रं साहेबा. आयेचा हात हो जरा.”

तो बसला. ती डोळे मिटून एकेक ओळ सांगत गेली, तो लिहीत गेला. हळद झाली, तेल चढलं, वरात वेशीशी आली. माझा राग थोडा उतरतोय असं वाटायला लागलं होतं. मग मी चष्मा लावून कागद पाहिला.

“‘दार उघड गो बाय’ एकदाच का? तिने दोनदा सांगितलं.”

“तीच ओळ परत होती. एकदा लिहिली की झालं ना?”

माझी कानशिलं तापली. मी बोलायच्या आत मंगलानेच डोळे उघडले.

“पयली वरातीतल्या बाया म्हन्तात, बाहेरून. दुसरी नवरीची आय म्हन्ते, आतून. एक काढलीस तर दार कोन उघडंल रं?”

शैलेश मान खाली घालून खोडायला लागला.

“खोडू नकोस,” मी ओरडले. “काहीही काढू नकोस. नवा कागद घे. पहिल्यापासून.”