गिरजाबाईंची काडी

"माह्या आंगनातला पाला माह्या मालकीचा! तू कोन मोजनारी?"

गिरजाबाईंचा आवाज चामोर्शीच्या बाजारापर्यंत गेला असेल! कुंपणापलीकडे शेजारची सत्यशीला, गावच्या वनसमितीची नवी सदस्य, मोजायची दोरी घेऊन उभी होती. ग्रामसभेचा ठराव होता : होळीआधी प्रत्येकानं घराभोवती वीस पावलं जागा झाडून मोकळी ठेवायची, भाताच्या तणशीचा ढीग गोठ्यापासून लांब हलवायचा आणि पाला खतखड्ड्यात पुरायचा. जंगल पाठीशीच, उन्हाळ्यात वणवा कधी येईल सांगता येत नाही. सगळ्या गावानं ऐकलं. राहिलं एकच घर!

"बाई, ढीग गोठ्याले टेकला हाय. ठिनगी पडली तं बैल बांधल्या जागी जळतीन."

"समितीत काय गेली, साहेबीन झाली! आधी आपलं आंगन पाहाय."

"पाह्यलं. झाडलं. म्हनूनच सांगून राह्यली."

हे मात्र झोंबलं! कारण सत्यशीलाचं अंगण खरंच लख्ख होतं.

दुसऱ्या दिवशी समितीची नोटीस आली. गिरजाबाईंनी ती चुलीत घातली. "साफच पाह्यजे ना? घ्या साफ!"

मोहफुलं वेचण्याआधी झाडाखालचा पाला पेटवायची त्यांची जुनी सवय. काळ्या जमिनीवर पिवळी फुलं पटकन दिसतात. अंगणालाही त्यांनी तीच युक्ती लावली. भर दुपारी, रागाच्या भरात, पाल्याला काडी!

आणि वारा फिरला. जाळ सरसरत तणशीला भिडला. बैल दाव्याला हिसके देऊ लागले. धुरात गिरजाबाईंना गाठ सापडेना.

"सत्यशीला! अवं धाव! माहे बैल!"

सत्यशीला विळा घेऊन काट्याचं कुंपण तुडवत आली. एक दावं कापलं, दुसरं कापलं. "हाना माह्या आंगनात!"

बैल उधळत तिकडे शिरले. मागून जाळ आला, कुंपणाच्या काट्या फस्त केल्या, पुढे सरकू पाहू लागला... पण पुढे एक पानसुद्धा नव्हतं! झाडलेल्या मातीच्या कडेला आग उपाशीच विझली.

गोठा गेला. पावसाळ्यापर्यंतचा चारा गेला. बैल वाचले.

"दे शिव्या," गिरजाबाई जळक्या गोठ्याकडे पाहत म्हणाल्या.

"देनारच हाय!" सत्यशीलानं विळा खाली टाकला. "झाडा म्हनलं होतं, जाळा नाई! आंगन तुमचं, मान्य. पन आग काय सातबारा पाहून येते का? माहं आंगन झाडलेलं नसतं तं माहं घर जळलं असतं, मंग शाळा, मंग जंगल. तुमची काडी, अन् होळी आमची!"

गिरजाबाईंनी मान वळवून पाहिलं. ज्या अंगणाला त्यांनी नावं ठेवली, त्याच्या मधोमध त्यांचे बैल फुरफुरत उभे होते.

"झाडू दे," त्या हळूच म्हणाल्या.

"कोनचा?"

"तुहाच. माहा जळला!"

त्या वर्षी गिरजाबाईंच्या मोहाखाली काडी लागली नाही. पाला झाडून त्यांनी जुनी लुगडी अंथरली आणि फुलं त्यावर झेलली. आता मोजायची दोरीही त्यांच्याच हातात असते, आणि एक पाऊल कमी भरलं तर सत्यशीलाही देणार नाही अशा शिव्या त्या देतात!

मंडळी, घराभोवतीची जागा मोकळी ठेवायचा नियम आपला अपमान करायला केलेला नसतो. आपण झाडलेलं अंगण शेजाऱ्याला वाचवतं आणि त्यानं झाडलेलं आपल्याला. म्हणून पाला झाडा, पुरा. पण रागानं काय, हौसेनंही त्याला काडी लावू नका!