कोरा पट्टा

मित्रांनो, मी एक जुना पट्टा आहे, मोटारीतल्या पुढच्या डाव्या सीटचा. जुना खरा, पण कोरा. माझ्यावर ना घामाचा डाग, ना सुरकुती. याचा मला अभिमान नाही, लाज वाटते.

कारखान्यात आम्ही दोघे भाऊ एकाच गाडीत बसलो. तो उजवीकडे, मी डावीकडे. आम्हाला एकच काम नेमून दिलं होतं. कोणी हळू ओढलं तर सैल सुटायचं, हिसका बसला की जागीच अडायचं. धडक बसल्यावर गाडी थांबते, आतला माणूस मात्र पुढे जातच राहतो. त्याला काचेपर्यंत जाऊ द्यायचं नाही, एवढ्यासाठी आमचा जन्म.

सत्त्याण्णव साली आमची गाडी नवीन पनवेलला अविनाशरावांकडे आली. त्यांच्या पत्नी शशिकलाताईंनी तिला ओवाळलं, हार घातला. दसऱ्याला सीटवर मखमली कव्हरं चढली, आणि मी ज्यात अडकतो ते कुलूप कव्हराखाली गाडलं गेलं. त्याच्याशिवाय मी म्हणजे नुसती लोंबती नाडी! उजवीकडचं कव्हर अविनाशरावांनी ब्लेडने कापून कुलूप बाहेर काढलं, कारण पोलीस आधी चालवणाऱ्याकडे बघतात. डावीकडे म्हणाले, "राहू दे. नवं कव्हर कशाला फाडायचं?"

माझी विचारपूस करायची ती फक्त इरा, त्यांची छोटी लेक. मला जोरात ओढायची आणि ओरडायची, "अडला! बाबा, अडला!"

"खेळू नकोस गं, खराब होईल तो."

पुढच्या वर्षी मे महिन्यात पेणला लग्न होतं. इरा मागे झोपली होती. पळस्पे फाट्यावर हवालदार दिसला.

"पट्टा धर गं," अविनाशराव म्हणाले.

शशिकलाताईंनी मला छातीवरून ओढलं आणि कमरेपाशी मुठीत धरलं. लांबून लावल्यासारखंच दिसतं. तेव्हा बरेच जण असंच करायचे. हवालदार बघून दुसरीकडे वळला.

"सोडू ना? शालू चुरगळतोय."

"सोड."

मी सरसर मागे गेलो. कर्नाळ्यापुढे आमच्या पुढची बस एकदम बाजूला झाली, आणि समोर बिघडलेला ट्रक उभा. ब्रेक लागले, पण अंतर पुरलं नाही.

हिसका बसला तसा मी अडलो, अगदी वेळेवर. माझ्या मिठीत कोणीच नव्हतं. पलीकडे माझ्या भावाने अविनाशरावांना घट्ट धरून ठेवलं होतं. त्यांची एक बरगडी मोडली, पण ते वाचले.

रस्त्याकडेला कलिंगडं विकणारा काशिराम धावत आला. त्याने मागचं दार ओढून उघडलं. "पोरगी हाय रं! जिती हाय!" मग पुढे वाकून बघितलं आणि हळूच म्हणाला, "बाई नाय राहिली."

पुढे गाडी कळंबोलीच्या एका गॅरेजात पडून राहिली. एका दुपारी अविनाशराव आतल्या वस्तू न्यायला आले. बरोबर इरा होती, हाताला प्लॅस्टर. ते डाव्या सीटवर बसले. खिशातून ब्लेड काढून त्यांनी कव्हर कापलं. खालचं कुलूप लखलखत होतं. त्यांनी मला ओढून त्यात घातलं. टक् आवाज झाला.

इराने चांगल्या हाताने मला हिसका दिला. मी अडलो. या वेळी ती ओरडली नाही.

"बाबा, हा तर चांगला होता."

अविनाशराव माझ्यावर वाकले. माझ्यावर पहिला डाग पडला तो त्यांच्या डोळ्यांतल्या पाण्याचा.

मित्रांनो, तुमच्या गाडीत माझा कोणी भाऊबंद असेल तर त्याला जपू नका. रोज ओढा, मळवा, झिजवा. आणि शेजारी आई बसली असेल तर गाडी सुरू होण्याआधी तो टक् आवाज ऐका.