हिन्याचा फाया

पौषातली पहाट कृष्णेवर उतरली होती. धूसर, धवल धुके पांघरून नदी निजली होती. काठावरच्या एका घरात अग्नी तेवढा जागा होता. अत्तर गाळायच्या तांब्याच्या देगेत वाळा, जटामांसी, कचोरा मंद मंद शिजत होते, आणि त्या सुगंधगर्भ बाष्पातून थेंबाथेंबाने हिना झरत होता. हिवाळ्याचा, उबेचा, राजदरबारांचा हिना.

याकूब अत्तारांची ही शेवटची देग. गिऱ्हाईक उरले नव्हते. आठवड्याअखेर देगेचे तांबे भंगारात जायचे होते.

लेक शमीम पुण्याला निघाली होती, मॉलमधल्या विदेशी सुगंधांच्या दुकानात नोकरीला. तिच्या कानामागे त्यांनी हिन्यात भिजवलेला कापसाचा फाया ठेवला. कुपीही हाती दिली.

"कामावर जाताना लाव, बेटा. कुणी ओळखलं तर मला सांग."

दुसऱ्या दिवशी ती लावून गेली. काचेचे दालन, काचेचे दिवे, काचेसारखी थंड माणसे. व्यवस्थापिका ऋजुताने नाक मुरडले.

"हा कसला वास? जुन्या ट्रंकेसारखा! आधी धुऊन या."

शमीमने धुतले. साबणाने, पुन्हा साबणाने, कानाची पाळी रक्तवर्ण होईतो. पण हिना का पाण्याने जाणार? ओल्या त्वचेवर तो अधिकच उमलला, गहिरा, मृदुल, मानी. मग ऋजुतानेच तिच्या गळ्यावर परदेशी बाटली तीनदा फवारली. "आता बरं!"

दुपारी अब्बांचा फोन आला.

"ओळखलं का गं कुणी?"

तिने कानामागे बोट फिरवले.

"हो अब्बा. सगळ्यांनी विचारलं. कुठं मिळतं म्हणाले."

पलीकडे म्हातारा लहान मुलासारखा हसला.

"मग देग नाही विकत मी! तुझ्या अम्मीच्या पाटल्या आहेत ना, त्या मोडतो. अत्तराला चंदनाचं तेल आणतो. आत्ताच सराफाकडं निघालो बघ!"

"अब्बा, थांबा..."

फोन बंद झाला होता.

अम्मीचे एवढेच उरले होते. शमीमचे बोट अब्बांच्या नावावर थबकले. एक सत्य, एवढेच सांगायचे होते. आणि ते हसू? ते पुन्हा कधी उमटले असते?

"शमीम, फोन ठेवा. गिऱ्हाईक आलंय. हसा जरा!"

तिने फोन ठेवला. ती हसली.

समोर सरकते जिने अखंड चालले होते. रुपेरी, रिक्त पायऱ्या एकीमागून एक वर चढत होत्या, आणि वर पोचताच, निमूट, भुईत नाहीशा होत होत्या.