मीराबाईची पट्टी

संगणक रिक्षातून उतरला तो गोधडीत गुंडाळलेला. मोहने गावातल्या त्या चाळीत गोधडीत गुंडाळून जे काही येई त्याला माणसे आधी वाट करून देत आणि मग विचारीत.

“कोण आजारी हाय गं, मंजे?” शेजारच्या शेवंतीमावशींनी ओट्यावरून हाक दिली.

“कोणी नाही, मावशी. कॉम्प्युटर आहे, क्लासमधला.”

“मग त्याला थंडी वाजते व्हय?”

मंजुळा हसली, पण छातीशी धरलेले ओझे तिने सैल सोडले नाही. डोंबिवलीच्या ज्या कॉम्प्युटर क्लासात ती शिकवीत असे, तिथल्या हरिहर सरांनी दिवाळीच्या सुट्टीपुरते हे जुने यंत्र तिला घरी नेऊ दिले होते. “आठ दिवस, मंजुळाबाई. नवव्या दिवशी सकाळी ते जागेवर हवं.” साल अठ्ठ्याण्णव. दिवाळी मंजुळाच्या घरी नव्हती. ती तिच्या आजोबांनी छप्पन सालीच देव्हाऱ्यासकट उंबऱ्याबाहेर ठेवली होती. सुट्टी मात्र होती, आणि त्या सुट्टीत तिला एकच गोष्ट साधायची होती: आबांनी पुन्हा वाजवावे.

आबा म्हणजे तिचे वडील, शिवराम बेंजोवाले. शहाडपासून ठाण्यापर्यंत जिथे जिथे भीमजयंतीचा मंडप पडे तिथल्या गायन पार्ट्यांना हे नाव ठाऊक होते. टाइपरायटरसारखी बटणे असलेले ते लांबट वाद्य पुढ्यात घेऊन ते बसत. डाव्या हाताची बोटे बटणांवर धावत, उजव्या हातातला प्लास्टिकचा तुकडा तारा छेडीत राही, आणि कर्ण्यातून निघालेला तो झणत्कार नदीपलीकडच्या वस्तीपर्यंत जाई. गात असे मीराबाई, मंजुळाची आई. त्र्याण्णव साली ती गेली. पुढे तीन वर्षांनी आबांच्या उजव्या अंगावरून वारे गेले. बोलणे हळूहळू परतले, फरपटत का होईना पाऊलही परतले. हात परतला नाही. बेंजो कापडात बांधून कॉटखाली गेला, आणि त्याच्या वर, कॉटवर, आबा भिंतीकडे तोंड करून निजू लागले.

मंजुळाने एकदा तो बाहेर काढून पाहिला होता. “तुम्ही बटणं दाबा, आबा. तारा मी छेडते.” चार स्वरही झाले नसतील. आबांनी बोटे उचलून घेतली. “दोन्ही हात एका अंगाचे लागतात, बाई,” ते म्हणाले होते. त्यानंतर त्या घरात वाद्याचा विषय निघाला नाही. पण स्वयंपाक करताना, शर्टाची गुंडी लावून देताना, मंजुळाचे लक्ष त्यांच्या डाव्या हाताकडे जाई. तो हात शाबूत होता. चादरीच्या काठावर तो कधीकधी आपल्याआपण हलत असे.

मार्ग सुचवला तो आनंदने, नकळत. आनंद क्लासात हार्डवेअर शिकवीत असे. परदेशी मासिकाबरोबर फुकट आलेली एक सीडी त्याने तिच्या टेबलावर टाकली. “यात एक सॉफ्टवेअर आहे. वाद्य नाहीये हां, वाद्य बनवायचं सामान आहे. बघ, डोकं फिरेल.”

डोके फिरलेच. पडद्यावर उघडले ते एक रिकामे, राखी अंगण. एका बाजूला चौकटींची यादी: आवाज जन्माला घालणारी एक, त्याची धार कमीजास्त करणारी दुसरी, तो कसा उमटावा आणि कसा विझावा हे ठरवणारी तिसरी. चौकट उचलायची, अंगणात ठेवायची, माउसने एकीच्या कडेपासून दुसरीच्या कडेपर्यंत वायर ओढायची. पहिले तीन रविवार मंजुळाने क्लासात बसून सगळे सगळ्याला जोडले आणि यंत्र मुके राहिले. चौथ्या रविवारी आनंदने मागून बोट दाखवले: “बाई, सगळी गल्ली बांधलीस, पण रस्त्याला जोडलीच नाहीस.” शेवटच्या चौकटीतून स्पीकरकडे जाणारी वायर तिने ओढली, आणि वितळत्या तारेसारखा एक ओबडधोबड, अखंड गुणगुणाट खोलीभर पसरला. कुणा कुशल कानाला तो असह्य वाटला असता. मंजुळाच्या डोळ्यांत पाणी आले, कारण तो आवाज कुणाच्याही हाताने छेडलेला नव्हता.

मग रविवारामागून रविवार ती त्या गुणगुणाटाला घडवीत गेली. बेंजोला जोडतारा असतात आणि त्या कधीच काटेकोर एक नसतात. म्हणून आवाजाची चौकट एकाऐवजी दोन, एक दुसरीपेक्षा केसभर उतरलेली. धारेची चौकट अशी फिरवली की लोखंडाचा वास यावा. उमटणे तडक, विझणे सावकाश. आणि शेवटी ती चौकट जिच्यासाठी हा सारा खटाटोप होता: एक मंद लाट, जी आवाजाचे दार सेकंदाला आठदा उघडी आणि मिटी. तीच तारा छेडणारी. तोच उजवा हात. डाव्या हाताने फक्त कीबोर्डची बटणे दाबायची होती.

सीडीवरचे सॉफ्टवेअर नमुन्याचे होते. केलेले काम ते साठवू देत नसे. म्हणून दर वेळी पहिल्यापासून वायरी ओढाव्या लागत. ओढून ओढून तिला ती मांडणी रांगोळीसारखी हातात बसली होती.

घरी पहिल्या दिवशी तिने ती मांडली, आणि कॉटकडे पाठ करून एका बोटाने एक जुनी चाल वाजवली. आबा वळले नाहीत. चाल संपल्यावर भिंतीकडूनच म्हणाले, “हा थकत नाय.”

“कोण?”

“छेडणारा. माणूस समेवर जोर देतो, मधी जरा दम खातो. हा पाण्याच्या मोटारीसारखा चाललाय.”

मंजुळाला वाईट वाटायला हवे होते. तिला आनंद झाला: दोन वर्षांत बेंजोविषयी आबा एवढे बोलले नव्हते. दुसरा आणि तिसरा दिवस तिने त्या लाटेला थकवण्यात घालवला. नेम नसलेले आकडे टाकणारी एक चौकट तिला सापडली. ती लाटेला जोडताच छेडणे किंचित अडखळू, सावरू लागले. शेवंतीमावशी दारात उभ्या राहून म्हणाल्या, “पोरी, शिवरामभाऊंचाच बेंजो की गं हा! फक्त सर्दी झाल्यागत वाटतो.”

चौथ्या दिवशी दुपारी आबा उठून खुर्चीत येऊन बसले. त्यांनी डावा हात कीबोर्डवर ठेवला, बटणे चाचपली, एक दाबले.

“उशिरा बोलतो हा.”

“थोडासा. त्याला आत विचार करावा लागतो, आबा.”

“सरकारी हाय काय?”

दोघेही हसले, आणि त्या हसण्यात मंजुळाला वाटले की साधले. आबांनी तीन स्वर घेतले, चौथा घेतला. मग बोटे थांबली.

“कोणासाठी लावलंस?”

“म्हणजे?”

“पट्टी कोणाची ही?”

“काळी चार आहे. पेटीवर असते तीच. अगदी बरोबर आहे, आकडा बघून लावली.”

“काळी चारमधी कोण गातं?”

मंजुळाने पुन्हा पडद्यावरचा आकडा पाहिला. आबांनी हात मांडीवर ठेवला, टेकू घेत उठले, आणि कॉटवर जाऊन पुन्हा भिंतीकडे वळले.

तेव्हा कुठे तिला आठवले ते, जे तिने लहानपणापासून पाहिले होते आणि कधी विचारात घेतले नव्हते. आबांनी बेंजो कधी पेटीला मिळवला नाही. कार्यक्रमाआधी, मंडपात माणसे जमत असताना, ते गाणारणीकडे वळून म्हणत, “सा दे.” मीराबाई पदर सावरून, डोळे मिटून, आपल्याला त्या दिवशी सुखाचा वाटेल तो सा देई, आणि तिचा सा कानात धरून आबा एकेक तार फिरवीत. पेटीवाला कुरकुरे, कारण तो सा दोन पट्ट्यांच्या फटीत पडे. “फटीत तर फटीत,” आबा म्हणत. “गळा तिचा हाय. तारेला काय, तार फिरते.”

गाणारणीशिवाय लावलेला बेंजो त्यांच्या लेखी लावलेलाच नव्हता.

मीराबाईचा सा शोधायला मंजुळाने पाचवा, सहावा आणि सातवाही दिवस दिला. सत्त्याऐंशी सालच्या कार्यक्रमाची एक कॅसेट घरात होती. तीत ढोलकी होती, टाळ्या होत्या, आणि त्यांच्या मागे, विहिरीच्या तळातून यावा तसा आईचा आवाज होता. पण टेपरेकॉर्डर म्हातारा झाला होता. तीच ओळ सकाळी एका पट्टीत निघे आणि संध्याकाळी दुसऱ्या. आई पाच वर्षांनी ऐकू येत होती, आणि ती नेमकी कुठे आहे हे सांगायला जगात एकही यंत्र नव्हते.

त्या आवाजामागे कोरस धरणारी एक पोरही होती. ती मंजुळाच. दहावीपर्यंत ती आईच्या मागे बसून गायली. मग डोंबिवलीचे कॉलेज आले, मैत्रिणी आल्या, आणि एका जयंतीला ती “अभ्यास आहे” म्हणाली. आईने “बरं” म्हटले. त्यानंतर आईने तिला कधी विचारले नाही, आणि न विचारण्याचे ते ओझे मंजुळा अजून वाहत होती.

आठव्या दिवशी दुपारी ती आबांच्या उशाशी गेली.

“आबा, कॅसेट खोटं बोलते. तुमच्या कानात आहे का आईचा सा?”

ती खुर्चीत येऊन बसली, माउस हातात घेतला.

“मी खालून वर नेते. आला की हां म्हणा. नाही आला तर मी हे गुंडाळून ठेवते. उद्या तसंही परत द्यायचंय.”

तिने छेडणारी लाट काढून टाकली, एकच अखंड स्वर ठेवला, आणि पडद्यावरची कळ माउसने मुंगीच्या पावलाने वर सरकवू लागली. स्वर चढत गेला. पांढरी पाच गेली, काळी चार जवळ आली, तिच्यावरून पुढे सरकला. आबांचा हात चादरीवर निश्चल होता. मंजुळा मागे वळून पाहत नव्हती.

“हां.”

ती थांबली.

“जरा... केसभर खाली. हां. थांब. हात नको लावूस.”

तो स्वर खोलीत उभा राहिला. काळी चार आणि पांढरी सहा यांच्या मधल्या फटीत, जिथे पेटीला बटण नाही, तिथे तो होता. आबा भिंतीकडून वळले होते. त्यांचा चेहरा मंडपात बसल्यासारखा, जरा पुढे झुकलेला झाला होता. मंजुळाने आकडा पाहिला, दोनशे तेरा आणि वर काही. तिने वहीसाठी हात पुढे केला.

“काय लिवतेस?”

“आकडा. म्हणजे हरवायचा नाही.”

आबांनी त्या स्वराकडे पुन्हा कान दिला. मग म्हणाले, “ती दर सालाला उतरायची. लग्नात काळी पाचला होती. उतरत उतरत हितं आलेली. ह्यो सा शेवटच्या सालाचा हाय. आज असती, तर अजून खाली असती. किती खाली, ते मला नाय ठाव.”

मंजुळाची पेन्सिल वहीवर टेकून राहिली.

“छेडणारा लाव,” आबा म्हणाले.

तिने लाट पुन्हा जोडली. आबा खुर्चीत आले. या वेळी त्यांनी चाचपले नाही. चाल सुरू झाली. यंत्र क्षणभर उशिरा बोलत होते आणि आबा क्षणभर आधी दाबत होते, जणू आयुष्यभर त्यांनी असेच वाजवले असावे. शेवंतीमावशींच्या घरातला रेडिओ बंद झाला. चालीने एक फेरा पुरा केला, मुखड्याच्या दाराशी येऊन ती थांबली, आणि आबांचे बोट सा-वर राहिले. छेडणारा छेडत राहिला. मीराबाई जिथून उचलून घेई तीच ती जागा. आबांनी एक फेरा अजून घेतला, पुन्हा दाराशी आले, पुन्हा थांबले. कोणी गायले नाही.

त्यांनी बोट उचलले. बाहेर कुठेतरी पोरांनी एक लवंगी फटाका उडवला.

“तू सा दे,” आबा म्हणाले. तिच्याकडे न पाहता.

“मी? आबा, मला आता येत नाही. दहा वर्षं झाली.”

“येत असेल तर दे असं कधी म्हनलो मी कोणाला? सा दे म्हनलो.”

मंजुळाने डोळे मिटले. गळ्यात काहीच नव्हते, मग काहीतरी होते. ते कोरडे, फाटलेले निघाले, आणि आईच्या सा-पासून पुष्कळ वर होते. आबांनी मान हलवली. “धर. तिथंच धर. आता ते यंत्र हितं आन.”

आणणे तिच्याच हातात होते. स्वर धरून ठेवत तिने माउस उचलला. कळ वर सरकली, आणि स्पीकरमधला सा आईला खाली ठेवून मंजुळाकडे चढू लागला. मधे एक क्षण दोन्ही स्वर एकमेकांवर थडथडले, त्या थडथडीचा वेग मंदावत गेला, आणि मग खोलीत एकच सा होता, तिचा. वहीवर आकडा लिहायचा राहिला होता. दोनशे तेरा आणि वर काय, हे तिला आता आठवत नव्हते.

आबांनी चाल पुन्हा उचलली. दाराशी आल्यावर मंजुळा गाऊ लागली. पहिली ओळ कशीबशी झाली, दुसरीत श्वास तुटला आणि ती थांबली. आबा थांबले नाहीत. एक फेरा घेऊन त्यांनी चाल पुन्हा तिच्यासमोर आणून ठेवली.

“परत घे,” ते म्हणाले, “आन जरा तोंड उघडून. आई काय ऐकायला बसली नाय, लाजायला.”