ओठांपुरतं चित्र

“एवढी वर्षं ही बाई खात काय होती म्हणे? बर्फ? बर्फ खाऊन ओठ असे गुबगुबीत राहतात होय! आमचे तर पंखा जरा जोरात लावला तरी फुटतात.”

जाऊबाई पुटपुटत होत्या त्या काचेपलीकडच्या खोलीत, पण माझ्या कानांवर हेडफोन होते, त्यामुळे अगदी मानेशी येऊन बोलल्यासारखं ऐकू आलं. माइकला कामाचं बोलणं आणि कुरकुर यांतला फरक कळत नाही. तो सगळंच इमानेइतबारे पोहोचवतो. आवाजातली खरखरसुद्धा.

माझ्या शेजारच्या रेकॉर्डिस्टने बटण दाबलं. “कॅप्टन, बाईच्या जेवणाचं नंतर बघू. आधी ओठ बघा.”

या रेकॉर्डिस्टला आम्ही पंखा म्हणतो, कारण स्टुडिओत पाऊल टाकलं की त्याचा पहिला शब्द “पंखा बंद!” असतो. आणि जाऊबाईंना सगळे कॅप्टन म्हणतात, कारण त्या सिनेमाच्या पहिल्या भागातल्या कॅप्टनबाईला आमच्या भाषेत त्यांनी आवाज दिला होता. सिनेमा दुसऱ्या मुलखातला, नटी तिकडची, ओठ तिचे. पण सगळ्यांना यानात बसवून ती एकटी बर्फाच्या चंद्रावर मागे राहिली आणि रेडिओवर तिने शेवटची हाक मारली, तेव्हा आमच्याकडे थिएटरात लोक रडले ते जाऊबाईंच्या आवाजाला. पोरं जिन्यात तशा हाका मारत खेळायची. भाजीवाला म्हणायचा, “एकदा होऊन जाऊ द्या!” आणि जाऊबाई पिशवी खाली ठेवून खुशाल हाक मारायच्या. पलीकडच्या गल्लीतली कुत्री उठून बसायची.

आता त्या सिनेमाचा दुसरा भाग येणार होता. गोष्ट कित्येक वर्षांनंतरची आहे आणि कॅप्टन जिवंत आहे, इतकंच बाहेर आलं होतं. तेवढ्यावर सगळ्यांचे दोन तट पडले. एक म्हणे ती शीतपेटीत झोपली, म्हणजे होती तशीच आहे, एक केस पिकलेला नाही. दुसरा म्हणे ती जागी राहिली, एकटी जगली, म्हातारी झाली. माझ्या दाताच्या डॉक्टरने तर माझ्या तोंडात हत्यार घालून विचारलं, “तुम्हाला काय वाटतं? झोपली की जगली?” मी “आँ” म्हणाले. तो म्हणाला, “मलाही तसंच वाटतं.”

आमच्या घरात मात्र हा गमतीचा वाद नव्हता.

मधल्या काळात जाऊबाईंच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. गाठ निघाली, जीव वाचला, पण आवाजाची नस दुखावली. डॉक्टरांनी भावजींना आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, की आहे तो आवाज असाच राहील. जाऊबाईंना आम्ही म्हटलं, थोडा वेळ लागेल. हा थोडा वेळ अजून चालूच होता. भावजी रोज सकाळी पेपरातून डोकं वर न काढता म्हणायचे, “आज बराच मोकळा वाटतोय हं.” त्यांची मुलगी, आमची बिट्टी, आईला मधाचं पाणी करून द्यायची. स्टुडिओचे मालक आणि डबिंगचे दिग्दर्शक, ज्यांना सगळं गाव मामा म्हणतं पण ज्यांना सख्खी बहीण नाही, ते त्यांना चेटकिणी आणि दरोडेखोरांच्या आया देऊ लागले. पंखा मागून आवाज घासूनपुसून लख्ख करायचा. आणि मी संवाद लिहिते, तर मी त्यांची वाक्यं तोडून तोडून लिहायला लागले. चार शब्द, श्वास. तीन शब्द, श्वास. कधी कुणी कुणाशी ठरवून बोललं नाही. एखाद्या घरात मोडका जिना असतो आणि सगळे न बोलता ती पायरी चुकवतात, तसं.

आणि मग सिनेमावाल्या कंपनीचं पत्र आलं: कॅप्टनला शक्यतो पहिल्या भागातल्याच बाईंचा आवाज हवा. नमुना संध्याकाळपर्यंत पाठवा. नमुने इतरही स्टुडिओंकडून मागवले आहेत.

म्हणजे हिशेब सरळ होता. कॅप्टन झोपली असेल, तर आवाज जुनाच लागणार, आणि जाऊबाई बाद. जगली असेल, तर तिचा आवाजही झिजलेला असणार, आणि मग त्यांच्याइतकं त्या जागेला दुसरं कोण? त्यामुळे घरातले आम्ही झाडून सगळे ‘जगली’वाले. अडचण एकच होती. जाऊबाई स्वतः ‘झोपली’वाल्या होत्या, आणि त्या वादात हरणं त्यांच्या कुंडलीत नव्हतं.

कंपनीने पाठवलेलं चित्र म्हणजे तरी काय! गोष्ट फुटू नये म्हणून सगळा पडदा काळा, आणि जिथे बोलणाऱ्याचं तोंड तिथे तेवढा एक गोल उघडा. काळोखात नुसते ओठ हलतात. त्या ओठांच्या मापाचे शब्द बसवायचे. सकाळपासून आम्ही चौघं त्या ओठांकडे असे बघत होतो, की नटीच्या नवऱ्यानेही कधी बघितले नसतील.

“ही बघ, कडेला सुरकुती,” बिट्टी म्हणाली. जाहिरातींना आवाज देण्याचं काम ती करते, पण आज काम नसताना आली होती. “काकू, दिसतेय ना?”

“दिसतेय तर,” मी म्हटलं. मला काहीच दिसत नव्हतं.

“तो पडद्यावरचा डाग आहे,” पंखाने बाहीने पडदा पुसला. सुरकुती गेली.

जाऊबाईंना बटणावरून सगळं ऐकू जात होतं. “अगं, अक्कल चालवा जरा. चांगलं पोटभर खायला नाही, ऊन नाही. एवढी वर्षं कुणी जगेल?”

“टाक्यांत शेवाळ होतं आई. पहिल्या भागात दाखवलंय.”

“शेवाळ! तुला एक दिवस दुधी दिला तर तोंड पाडतेस.”

“मी कॅप्टन नाहीये.”

“आणि विजेचं काय? आणि दुखलं-खुपलं तर?”

“पण तिचं वाक्यच आहे ना, ‘मी मोजणं सोडलं. केव्हाच.’ झोपलेलं माणूस मोजतं का?”

“मोजणं सोडलं आणि पेटीत जाऊन झोपली. सरळ आहे.” जाऊबाई थांबल्या. “आणि बोलणार कुणाशी गं ती? वर्षानुवर्षं कुणाशी बोलली नाही, तर घसा राहील का तिचा? तोंड उघडलं की पहिल्यासारखी हाक निघेल?”

पंखा एक बटण उगीच इकडून तिकडे आणि तिकडून इकडे करत बसला. मामा म्हणाले, “चला चला, वेळ जातोय,” आणि घड्याळ नसलेल्या भिंतीकडे बघितलं.

पहिली दोन वाक्यं झाली. “कोण आहे तिथे?” हे कुजबुजतच होतं. “मी मोजणं सोडलं. केव्हाच,” हे तर त्यांनी असं म्हटलं, की मी हेडफोन कानांवर घट्ट दाबून धरले. ती खरखर त्या काळ्या पडद्यातल्या ओठांना अशी चिकटली जशी स्वतःचीच. मामांनी माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. मी मनात म्हटलं, झालं, तरलो.

तिसरं वाक्य एकच शब्द होता. ओठ एकदा उघडत होते, मिटत होते, आणि मग पुरते उघडून तसेच राहत होते. लांबच्या लांब. कुणीतरी निघून चाललंय आणि ती ओरडतेय. मी लिहिलं होतं, “थांबा!” ओठांना चपखल. दुसरं काही बसतच नव्हतं, मी पुष्कळ खटपट केली होती. लांब वाक्य तोडता येतं. हाक कशी तोडणार?

जाऊबाईंनी श्वास घेतला. “थां—” इथवर आला आवाज, आणि ‘बा’वर मधोमध फाटला. नुसती हवा. पडद्यावरचे ओठ उघडेच होते, आणि त्यांच्याखाली काहीच नव्हतं.

“माइक,” मामा ताबडतोब म्हणाले. “माइकमध्ये काहीतरी आहे.”

“हो, वायर सैल आहे,” पंखा म्हणाला आणि उठून खरंच आत गेला, खरंच वायर बदलून आला. मी त्याला इतकी वर्षं ओळखते. चांगली वायर त्याने जन्मात कधी बदललेली नाही.

पुन्हा. पुन्हा फाटला.

“एसीची हवा लागतेय,” मी म्हटलं. एसी सकाळपासून बंद होता.

तिसऱ्यांदा त्यांनी इतका जोर लावला, की काचेतून मला त्यांच्या मानेची शीर दिसली, ऑपरेशनच्या पांढऱ्या रेघेशेजारी ताठ झालेली. आला तो खोकला. बिट्टीने माझा हात धरला.

“मी जरा गरम पाणी घेऊन येते,” जाऊबाई म्हणाल्या आणि दार ढकलून गेल्या.

त्या गेल्या आणि मामा बिट्टीकडे वळले. आवाज खाली आणून म्हणाले, “पोरी, तू मार हाक.”

“मी?”

“ऑपरेशनच्या आधी फोनवर तुझ्या बापालासुद्धा तुम्हा दोघींचा फरक कळायचा नाही. आधीची दोन वाक्यं तिची, हाक तुझी. पंखा जोडून देईल. कंपनीला जुनाही आवाज मिळाला, नवाही मिळाला. काम आईचं आईकडे राहिलं.”

“आणि आईला काय सांगायचं?”

“तिचाच मघाचा टेक, साफ केला म्हणायचं. रोज करतोच की हा.”

पंखा मान वर करत नव्हता. बिट्टी माझ्याकडे बघू लागली. “काकू?”

मला ‘नाही’ म्हणता आलं असतं. पण बंद दाराकडे बघून मी म्हटलं, “हे काम गेलं तर तुझी आई घरी बसेल बिट्टी. मग उरलीसुरलीही बोलायची बंद होईल.” हे अगदी खरं होतं. खऱ्याच्या आधाराने खोटं किती सरळ उभं राहतं!

बिट्टी आत गेली. चित्र लागलं, ओठ उघडले.

“थांबाऽऽ!”

काय सांगू तुम्हाला. तीच हाक! जिन्यातली, भाजीच्या गाडीवरची, थिएटरातली. ती सरळ वर चढली आणि वर जाऊन क्षणभर टेकली. मामांचे डोळे चमकले, आणि पंखाच्या ओठांवरही हसू आलं. माझ्याही आलं, मी कशाला खोटं बोलू. दुसऱ्याच क्षणी आम्ही एकमेकांकडे बघायचं टाळलं. बिट्टी बाहेर आली ती ओल्या चेहऱ्याने, तोंड धुऊन आल्यासारखी.

जाऊबाई परतल्या तेव्हा पंखाने जोडकाम संपवलं होतं.

“वहिनी, ऐका तर खरं!” मामा वाजवीपेक्षा मोठ्याने म्हणाले. “मघाचाच तुमचा टेक. उगाच घाबरलो आपण. जरा साफ केला, बस्.”

जाऊबाई कप हातात धरून उभ्या राहिल्या. पंखाने लावलं. कोण आहे तिथे? मी मोजणं सोडलं. केव्हाच. थांबाऽऽ!

कपातल्या पाण्याची वाफ वर चढत होती. त्या म्हणाल्या, “परत लाव.”

त्याने परत लावलं.

“मामा,” त्यांनी शांतपणे विचारलं, “ही बाई कुजबुजते ती या आवाजात. आणि ओरडते ती त्या आवाजात. एका गळ्यातून. पटतं तुम्हाला?”

“अहो, सिनेमा आहे तो. त्यात चंद्रावर शेवाळ पिकतं. लोक काय काय पटवून घेतात!”

“शेवाळाचं नाही विचारत. तुम्हाला पटतं का?”

“उत्तम झालंय,” मामा म्हणाले, आणि खिशात किल्ली शोधू लागले.

“पंखा, तू तर पहिल्या भागाच्या वेळी भांडला होतास, की अंतराळात स्फोटाचा आवाज येतोच कसा म्हणून. तुला पटतं?”

पंखाने नाक ओढलं. “जोड दिसत नाही कॅप्टन. जोड मी चांगला केलाय.”

“ते कळतंय.” त्या माझ्याकडे वळल्या. वीस माणसांच्या घरात आम्ही दोघी एका ओट्याला उभ्या राहिलेल्या. मला त्यांची पावलं ओळखू येतात, त्यांना माझं गप्प बसणं. “आणि तू गं? तू शब्द लिहितेस. ऑपरेशन झाल्यापासून माझ्यासाठी सुपारीच्या खांडाएवढाले शब्द लिहितेस. तुला पटतं?”

मी म्हटलं, “आज आवाज बराच मोकळा होता जाऊबाई.”

भावजींचं वाक्य. माझ्या तोंडून ते इतकं ओशाळवाणं निघालं, की मीच खाली बघितलं.

बिट्टी भिंतीला टेकून रडत होती, आवाज न करता. जाऊबाईंनी कप टेबलावर ठेवला, तिच्याजवळ गेल्या, पदराने तिचा चेहरा पुसला आणि म्हणाल्या, “हाक छान मारलीस. शेवट थोडा आखूड सोडलास, पण छान.”

“आई, मी—”

“गप. पंखा, तो जोड काढ. माझी तिन्ही वाक्यं पाठव, हाक फाटलीय तशीच. आणि हिची तिन्ही वेगळी घेऊन पाठव. झोपली की जगली ते त्यांना माहीत आहे, त्यांचं ते ठरवतील.”

“अहो, पण तुमची फाटलेली हाक पाठवली तर...” मामा म्हणाले. “दोन-चार महिने अजून गेले की आवाज तुमचा—”

“मामा.” जाऊबाईंनी त्यांना हाताने थांबवलं. “ऑपरेशन माझ्या गळ्याचं झालं, कानांचं नाही. रोज सकाळी मीच ऐकते ना तो, सगळ्यांच्या आधी.” मग आम्हा सगळ्यांकडे एकेक करून बघत, आहे त्या खरखरीत आवाजात, जराही न कुजबुजता त्या म्हणाल्या, “माझा आवाज गेलाय. परत यायचा नाही.”