मोनालीच्या कपाळावरची बॅटरी

मित्रांनो, मी एक जुनी बॅटरी आहे. हातात धरायची नव्हे, कपाळाला बांधायची! माझा पट्टा सैल झालाय, काचेवर ओरखडे आहेत. पण अल्लीपूरची ती दुपार आठवली की आजही अंगात वीज खेळते.

कारखान्यातून मी हिंगणघाटच्या एका दुकानात आले. शेजारी लांबलचक, ऐटबाज बॅटऱ्या होत्या. गिऱ्हाइकं त्यांनाच उचलायची. मी मागे धूळ खात पडले होते. एके दिवशी मोनाली आली. अल्लीपूरची ही मुलगी घरात शिरलेले साप पकडून रानात सोडायची. दुकानदाराने तिच्यापुढे सगळ्यांत मोठी बॅटरी ठेवली.

"घ्या ताई, पार वावराच्या धुऱ्यापर्यंत, टोकाच्या बांधापर्यंत उजेड जाते हिचा."

"मले धुरा नाई पाह्यचा, भाऊ," मोनाली हसली. "साप जवळ राह्यते. उजेड जवळच पडला पाह्यजे, पसरला पाह्यजे. अन् दोन्ही हात मोकळे पाह्यजेत!"

तिने मला कपाळाला बांधलं, काउंटरखालच्या अंधारात डोकावून मान फिरवली, मला जरा खाली झुकवलं. "हेच पाह्यजे!" ती म्हणाली. मला तर नाचावंसं वाटलं!

आणि मग ती दुपार आली. विमलाबाईंच्या धान्याच्या खोलीत नाग निघाला. खोलीला ना खिडकी, ना दिवा. लपाछपी खेळणारी त्यांची छोटी नात स्वीटी घाबरून तुरीच्या पोत्यांवर चढलेली, आणि नाग पोत्यांच्या नि दाराच्या मधोमध! शेजारच्या ऋतिकने दारातून आपली भली मोठी बॅटरी रोखली. तिचा झोत पत्र्याच्या कोठीवर आदळून सगळ्यांच्या डोळ्यांत घुसला. नागाने फणा उभारला.

"बंद कर थे! काहीच दिसून नाई राह्यलं मले!" धावत आलेली मोनाली ओरडली. मग हळूच म्हणाली, "स्वीटी, हालू नको बेटा. माह्याकडं पाह्य."

मी पेटले. माझा मऊ उजेड जमिनीवर पसरला आणि नागाची प्रत्येक हालचाल दिसू लागली. मोनालीच्या एका हातात साप वळवायची आकडी, दुसऱ्या हातात पिशवी लावलेला पाइप. ती वळेल तिकडे मी वळत होते. नाग पाइपच्या तोंडाशी आला, थबकला... आणि सरसर आत शिरला! तिने पिशवी आवळली. विमलाबाईंनी धावत जाऊन नातीला कवेत घेतलं.

"वाचवलं वं माय तू लेकराले!" त्या रडत रडत हसत होत्या.

स्वीटी मात्र माझ्याकडे टकमक बघत होती. "ताई, तुह्या डोक्यात चांदनी हाये काय?"

पुढे मोनाली शिकायला सावंगीला गेली. मी फळीवर राहिले, सेल पोटातच पाझरले, गंज चढला. वाटलं, संपलं सगळं. पण सुटीत आल्यावर तिने गंज खरवडला, नवे सेल भरले, आणि मी लख्ख पेटले!

मित्रांनो, बॅटरी घेताना तिचा उजेड किती लांब जातो एवढंच विचारू नका. आपल्याला काय पाहायचंय, ते आधी ठरवा. आणि काम नसेल तेव्हा सेल काढून ठेवा. अरे, मोनालीचा फोन वाजतोय! कुणाच्या तरी गोठ्यात साप निघालाय. तिने माझा पट्टा आवळलासुद्धा. चला, मला निघायला हवं!